डफडं उगाच वाजत नाही

उखर्डूला गर्दी जमवायला डफडं लागत नसे. चौकात येऊन तो नुसता उभा राहायचा, मान वर करायचा आणि कडुलिंबाच्या शेंड्याकडे डोळे बारीक करून बघत बसायचा. पहिला माणूस जाताजाता थबकायचा. दुसरा पहिल्याकडे बघून वर बघायचा. तिसरा आला की काम झालं. चौथ्यापासून पुढं कुणाला काही विचारावंसंसुद्धा वाटत नसे, आणि विचारलंच तर उत्तर तयार.

"काय हाय रे वर?"

"हाय ना काहीतरी. एवढे लोक येडे हायेत का?"

अशी वीसपंचवीस डोकी आभाळाला लागली की उखर्डू हळूच मान खाली घ्यायचा, काखेतलं डफडं पुढं ओढायचा आणि टिपरीचा पहिला ठोका द्यायचा. गर्दी दचकायची, मग हसायची आणि मग ऐकायची.

"हे मले बापानं शिकवलं," तो सांगायचा. "बाप म्हने, तीन मानसं येडी कर, बाकीचं गाव आपल्या पायानं येते."

बाप दवंडीवाला, बापाचा बाप दवंडीवाला. बुऱ्हाणपूरच्या बाजारात कुणी दवंडीला मुनादी म्हणत, पण डफडं तेच आणि घरही सिंधीपुऱ्यातलं तेच. उखर्डूच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर ठेवला, परत उचलला आणि नाव उखर्डू लावलं. टाकलेल्या वस्तूला मरण हात लावत नाही, असा हिशेब. उखर्डू चाळिशीला पोचला, म्हणजे हिशेब बरोबर निघाला म्हणायचा. अंगानं तो किडकिडीत होता, गळ्याची घाटी मात्र लिंबाएवढी, आणि त्या घाटीत अख्खं गाव राहायचं. तहसील कचेरीतला कारकून नाकातून बोलायचा, तो हुबेहूब. केळीचा आडत्या घास तोंडात ठेवून भाव सांगायचा, तो हुबेहूब. बायको मालूबाई चुलीपाशी फुंकणी घेऊन बसली की ओटीवरून तिच्या मेलेल्या सासूचा आवाज यायचा, "मालेऽ, भाकर करपली वं!" आणि मालूबाई खरंच भाकर उलटायची. मग फुंकणी फेकून मारायची.

एक गोष्ट मात्र तो नकलेत कधी घेत नसे. दवंडी द्यायची ती सरळ. कारण गावाचा त्या डफड्यावर भरवसा होता. पाणी दोन दिवस बंद राहणार, वाजलं. पटकीची सुई टोचणारे येणार, वाजलं. कुणाची गाय सुटली, कुणाचं पोर चुकलं, कुणाचं घर जप्तीत निघालं, वाजलं. तीन पिढ्यांत असं एकदाही झालं नव्हतं की डफडं वाजलं आणि मागं काही नव्हतं. गावात म्हणच पडली होती: डफडं उगाच वाजत नाही.

या म्हणीनं पुढं एका माणसाचं गाव तोडलं. त्याचं नाव मोतीलाल.

मोतीलाल चिंध्यावाला. निमाडातून कधीतरी आलेला, शनवारा दरवाज्याच्या अंगाला केळीच्या वखारीमागं पत्र्याच्या खोपटात एकटा राहायचा. डावा पाय ओढत चालायचा, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठं पोतं. "ए चिंधीऽ चिपाटऽऽ, फटेपुराने लाओ, रेवडी ले जाओऽऽ!" मूठभर चिंध्या दिल्या की तो पोरांच्या हातावर दोन रेवड्या ठेवायचा. चिंध्या नसल्या तर एक ठेवायचा. दुपारी चुडामणच्या चहाच्या टपरीवर उखर्डू आणि तो एका बाकावर बसायचे. एकाचा घसा बसलेला, एकाचा पाय दुखणारा. बोलायला फारसं काही नसायचं, म्हणून दोस्ती टिकली होती.

ते छप्पन साल होतं. उन्हाळा लागला होता आणि गावाला कशाचाच धड पत्ता नव्हता. नवं राज्य होणार म्हणत, पण कुठलं? आपण नागपूरकडे राहणार, की भोपाळकडे जाणार, की खाली मुंबईला जोडणार? मराठी शाळा राहणार की जाणार? कचेरीत विचारावं तर कारकून नाकातून म्हणायचा, "वरून आदेश यायचेत." एवढ्या मोठ्या गोष्टीची काळजी कुणाला धरून करता येत नाही. तिला चेहरा नसतो, दार नसतं. मग माणूस लहानशी काळजी शोधतो, हातात मावेल अशी.

तशी एक आयती मिळाली. नेपानगरच्या वाटेवर एका नाल्यावर पूल बांधत होते. पाया खोदताना तिथल्या एका मजुराचं पोर तापानं गेलं. पाण्याला गेलेल्या दोघीतिघी मजुरणी आपसात बोलल्या की पूल बळी मागतो, पायात पोर पुरल्याशिवाय खांब उभा राहत नाही. एवढंच. तिघींचं बोलणं तिघींत राहिलं असतं.

पण पुलाचे ओव्हरसियर सुधाकरराव नागपूरकडचे, शिकलेले, सरळ मनाचे. अफवा कानावर आली तसे ते अस्वस्थ झाले. मजूर पळाले तर पावसाळ्याआधी पाया कसा भरायचा? खोट्याला औषध खरं, अशी त्यांची समजूत. त्यांनी सुवाच्य अक्षरात कागद लिहिला आणि उखर्डूला बोलावलं.

"वाच बघू," ते म्हणाले. "कळतंय?"

उखर्डूला वाचता येत नव्हतं. त्यांनीच वाचून दाखवलं. "सर्व बंधुभगिनींना कळविण्यात येते की, नाल्यावरील पुलाच्या पायात लहान बालकांना पोत्यात घालून नेऊन पुरण्यात येते, अशा आशयाची जी वदंता पसरलेली आहे, ती सर्वस्वी निराधार आहे."

उखर्डूनं डोकं खाजवलं. "साहेब, हे निराधार लई मागं आलं."

"म्हणजे?"

"लोक पयलं अर्धं ऐकते आन् चालाले लागते. पोरं पुरते, इथवर ऐकतीन. पुढचं घरी गेल्यावर कोन सांगन त्याइले?"

सुधाकरराव हसले. "अरे, सत्य आहे ना हे? सत्य कुठंही ठेवलं तरी सत्यच."

"आन् साहेब, नाही त्या गोष्टीचं डफडं आमी कधी वाजवलं नाही."

"मग आता वाजव. जनतेचं प्रबोधन आहे हे."

प्रबोधन म्हणजे काय ते उखर्डूला कळलं नाही, पण शब्द वजनदार वाटला. बाहेर पडेपर्यंत सुधाकररावांचा आवाज त्याच्या घशात उतरलेला होता. "प्रऽबोधन! प्रऽबोधन!" असं म्हणत तो चौकात आला.

पहिल्या चौकात त्यानं कागदावरचं जसंच्या तसं सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी हललंही नाही. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई नुसती म्हणाली, "पोत्यात घालून?" आणि टोपलीसकट वळली. दुसऱ्या चौकातही तेच. गर्दी गप्प होणं त्याला ठाऊक नव्हतं. दवंडी ऐकून लोक हुश्श करतात, कुरकुरतात, शिव्या देतात. गप्प होत नाहीत.

हसवलं तर भीती जाईल, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर लोक हसले नाहीत, हे त्याला लागलंही होतं. तिसऱ्या चौकात त्यानं पहिल्यांदा बापाची रीत मोडली. तो म्हातारीसारखा वाकला, पदर ओढल्यासारखं केलं. "अगं माय माय माय! पोत्यात घालून नेते वं, पुलात पुरते वं!" हशा फुटला. आता त्याला थांबवणारं कोण?

"पोतेवाला पोरं नेते म्हने! अरे येड्याहो, मंग आपला मोतीलाल? त्याच्यापाशी तर हे एवढं पोतं हाय!" आणि त्यानं डावा पाय ओढला, डफडं पाठीवर घेतलं, मान वाकडी केली. "ए चिंधीऽ चिपाटऽऽ, फटेपुराने लाओ, रेवडी ले जाओऽऽ! काय रे, किती पोरं भरली आतापर्यंत?"

चौक लोटपोट झाला. त्यात मजा म्हणजे खुद्द मोतीलाल कडेला उभा होता. आपलीच चाल, आपलीच हाक बघून तो उरलेल्या चार दातांनी खुदुखुदु हसत होता. त्यानं तिथल्या तिथं एका पोराच्या हातावर रेवडी ठेवली आणि म्हणाला, "मुझसे अच्छा तो ये करता है, भाई! बहुत अच्छी नकल करते हो!" पुन्हा हशा. उरलेल्या चारही चौकांत उखर्डूनं तेच केलं. शेवटच्या चौकात तर लोकांनी आधीच येऊन "मोतीलाल, मोतीलाल" म्हणायला सुरुवात केली होती. एवढा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता.

घरी आला तर मालूबाई दारात.

"हे काय सांगत फिरले तुमी?"

"खोटं हाय म्हनून सांगितलं ना!"

"खोटं हाय हे सांगाले डफडं?" मालूबाई म्हणाली. "आपल्या घरी आज चोरी झाली नाही, म्हनून वाजवता का कधी? अमक्याची बायको पळाली नाही, म्हनून वाजवता? नाही झालं ते कोनी सांगत नाही, धनी. काहीतरी झालं असन, तवाच सांगते."

उखर्डूनं डफडं खुंटीला टांगलं.

दोन दिवसांनी मोतीलालच्या हाकेला पहिलं दार लागलं. मग दुसरं. कुणी भांडलं नाही, बोट दाखवलं नाही. नुसत्या कड्या वाजायच्या. मोतीलाल पूर्वी करायचा तेच करत होता, पण आता तेच वेगळं दिसत होतं. रेवडी देतो, तर काहून देते? चिंध्या नसल्या तरी देते, म्हंजे पाहा! त्यानं घाबरून रेवड्या बंद केल्या, तर आता काहून देत नाही, काम झालं का? आधी तो हसून बघायचा, म्हणजे पोरं हेरायचा. आता मान खाली घालून जायचा, म्हणजे नजर चोरायचा. लोकांना त्रास नको म्हणून पोरं घरात असतील तेव्हा, भर उन्हात यायला लागला, तर लपून येते. हाक मारायची सोडली, तर चोरपावलानं येते. त्याला करता येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे करील ते त्याच पोत्यात पडत होतं.

उखर्डू चुडामणच्या टपरीवर गेला. टपरीवर गावाचं मत उकळायचं आणि चुडामण ते गाळून सगळ्यांना द्यायचा.

"चुडामणभाऊ, तो मजाक व्हता. मोतीलालचं नाव मी मजाकात घेतलं."

"हां हां. मजाक." चुडामणनं डोळा मारला. "कळलं आपल्याले."

"काय कळलं?"

"तुले उघड नाही सांगता येत. कचेरीचा कागद तुया हातात. पन तू बराबर इशारा देला. पब्लिक काय येडी हाय का?"

"अरे भाऊ, इशारा नाही! देवाची आन!"

"मोठ्यानं बोलू नको," चुडामण कळवळून म्हणाला. "तुयी नोकरी जाईन. आमी तुयं नाव कुठी घेनार नाही."

उखर्डू जितकं नाही म्हणे तितकं गाव त्याला धीर देई. पाठीवर थापा पडत. चहाचा कप फुकट समोर येई, आणि तो कडू लागे.

आठव्या दिवशी मोतीलाल स्वतः टपरीवर आला. बाकावर त्याच्या शेजारी आता कुणी बसत नव्हतं, म्हणून बाक मोठा दिसत होता.

"उखर्डूभाई, एक बार बजा दो ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मेरे नाम का."

"काय वाजवू?"

"कि मोतीलाल सीधा आदमी है. बच्चा-वच्चा नहीं उठाता. तुम्हारा डफड़ा सब मानते हैं."

उखर्डूनं सातही चौक डोळ्यांसमोर आणले. ऐका हो ऐका, मोतीलाल पोरं पळवत नाही! टोपलीवाली बाई वळेल. कड्या वाजतील. "नको," तो म्हणाला. "पाय धरतो तुये, नको. आता तुया नावाचं एक अक्षर वाजलं तरी संपलं."

"पुल के लिए बजाया, मेरे लिए नहीं?"

"चार दिस खंडव्याले जा. बहीण हाय ना तुयी तिथं?"

"भागूँगा तो बोलेंगे, चोर था." मोतीलालनं कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "रहूँगा तो भी बोलते हैं. तुम बताओ, क्या करूँ?"

मोतीलाल पाय ओढत गेला, आणि त्याच्या मागं दोन पोरं तसाच पाय ओढत, "रेवडी ले जाओऽऽ" करत गेली. ती मोतीलालची नक्कल करत नव्हती. मान वाकडी, हनुवटी पुढं, डफडं घेतल्यासारखा हात. ती उखर्डूच्या मोतीलालची नक्कल करत होती. गल्लीगल्लीत आता हाच खेळ चालायचा. एक पोर पोतेवाला व्हायचं, बाकीची लपायची.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, उन्हं कलायच्या आत, गिरधरची पोरगी हरवली.

गिरधर म्हणजे केळीच्या वखारीचा मालक. पोरगी कोकिळा, सहा वर्षांची, घरात कोकी म्हणत. जेवायला हाक मारली तेव्हा नव्हती. शेजारी नव्हती, विहिरीपाशी नव्हती. तिची आई शारदा अनवाणी चौकात आली होती. गिरधर उखर्डूच्या दाराशी येऊन म्हणाला, "वाजव! लवकर वाजव!"

उखर्डूनं डफडं खुंटीवरून काढलं. हरवलेल्या पोराची दवंडी त्यानं शंभर वेळा दिली असेल. आज ती दिली की गाव कुठं धावेल हे त्याला दिसत होतं, वखारीमागच्या पत्र्याच्या खोपटाकडे. नाही दिली तर पोरगी कुठं असेल कोण जाणे. विहिरी उघड्या होत्या, नदी होती.

चौकात न बोलावता माणसं जमली होती. कुणी वर बघत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते, दुसरा काय करतो ते. अशा गर्दीला पहिलं वाक्य जो देतो तिचा लगाम त्याच्या हातात जातो. चुडामणनं तोंड उघडलंच होतं. "मोत्या कुठी हाय?"

उखर्डूनं डफड्यावर असा ठोका हाणला की टिपरी मोडली.

मोतीलालचं नाव त्यानं घेतलं नाही. तो पळवत नाही, असंही म्हटलं नाही. तेवढं तो शिकला होता. बापाची आणखी एक शिकवण त्याला आठवली: सगळ्यांना सांगितलेलं काम कुणाचंच नसते, नाव घेतलं की पाय उचलते. तो ओरडला, "चुडामण! तू राजघाट. आता, पळ! उखळाच्या गल्लीतल्या बाया, माळे पाहा! मालू, विहिरी तुयाकडे, दोर घे! गिरधरभाऊ, तुमी टेसनाची वाट!" एकेक नाव बंदुकीसारखं सुटत होतं. नाव लागलेला माणूस झटका बसल्यासारखा निघत होता. चौक रिता व्हायला लागला. वीस नावं झाली, तीस झाली.

पण चौकात काही लोक असे होते ज्यांची नावं उखर्डूला ठाऊक नव्हती. हातमागावर कामाला आलेले, पुलावरून सुट्टीला आलेले, नुसतेच उभे राहिलेले. त्यांना काम मिळालं नाही. ते तसेच उभे होते, आणि मग उभे नव्हते.

उखर्डू वखारीत शिरला. का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. लहान पोर घाबरलं की ओळखीच्या अंधारात जातं, एवढंच. वखारीत केळीच्या पानांचा ओला वास होता आणि भिंतीला रिकाम्या पोत्यांचा हा एवढा ढीग. "कोकीऽ! ए कोकी!" काही नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून पत्र्यावर दगड पडल्याचा आवाज आला. एक. मग तीनचार एकदम.

तिकडं धावावं, तर त्याचं कोण ऐकणार? रिकाम्या हातानं गेला तर आणखी एक माणूस गर्दीत मिळेल, एवढंच. ते दगड थांबवू शकेल असं अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच माणूस होतं, आणि ते सहा वर्षांचं होतं. "कोकीऽ!" पत्रा वाजतच होता. आणि मग त्याला उमगलं की ती असली तरी ओ देणार नाही. परक्या पुरुषाच्या हाकेला ओ देऊ नको, असं गेले दहाबारा दिवस प्रत्येक आई प्रत्येक पोराला सांगत होती.

उखर्डूनं डोळे मिटले, घाटी खाली ओढली, आणि वखारीत शारदाचा आवाज आला. गोड, थोडा कंटाळलेला, रोजचा. "कोकेऽ, चल बाळा, वरण निवतंय."

पोत्यांचा ढीग हलला.

ती डोळे चोळत बाहेर आली. केसांत सुतळीचे धागे, गालावर पोत्याचे वळ. "आई कुठंय?"

"हाय, हाय. इथं काहून आलीस व माय?"

"पोतेवाला आला म्हणून लपले. आईनं सांगितलंय. मग झोप लागली."

"आला व्हता? पाहिला तू?"

"आवाज आला ना. रेवडी ले जाओऽ."

मोतीलालनं हाक मारायची कधीच सोडली होती. गल्लीत पोरं खेळत होती. उखर्डूनं तिला खांद्यावर टाकलं आणि तो धावला.

"सापडली! पोरगी सापडली!" ही दवंडी त्यानं डफड्याशिवाय दिली.

हातातले दगड कधी खाली पडले ते कुणी पाहिलं नाही. खोपटाचं दार मोडलेलं होतं, पोतं फाडून चिंध्या चौफेर उधळलेल्या होत्या, जणू त्यांतही कुणी कुणाला शोधलं होतं. मोतीलाल भिंतीला टेकून बसला होता. कानातून रक्त येत होतं आणि उजवा हात नको तिथून वाकला होता.

"कोनी मारलं?" उखर्डूनं विचारलं.

"मी तर आत्ता आलो."

"मी मागं व्हतो."

"मी आवराले गेलो व्हतो, बाप्पा."

चाळीस माणसं होती, आणि चाळीसही उशिरा आलेली. राजघाटावरून धापा टाकत आलेला चुडामण म्हणाला, "चला, पोरगी भेटली, देवानं खैर केली." सगळ्यांनी मान हलवली आणि हळूहळू घरी जेवायला गेले. गिरधरनं पोरीला घट्ट धरलं होतं. त्यानं खोपटाकडे एकदा पाहिलं आणि तो घराकडे वळला.

उखर्डू मोतीलालपाशी बसला. फडक्यानं कान पुसायला लागला. मोतीलालनं त्याचा हात बाजूला केला.

"बहुत अच्छी नकल करते हो," तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

हात बांधून घेऊन तो दुसऱ्या दिवशी खंडव्याच्या गाडीला बसला. चौकात आठच दिवसांत ठरलं, "साफ असता तर गेला असता का?"

पाऊस आला, गेला. पुलाचे खांब उभे राहिले, पायात दगड आणि चुन्याशिवाय काही नव्हतं. नोव्हेंबराच्या पहिल्या दिवशी उखर्डूनं सातही चौकांत दवंडी दिली की आजपासून नवं राज्य, कचेऱ्या भोपाळच्या. सरळ दिली, नक्कल न करता. नक्कल त्यानं सोडून दिली होती. घरात मालूबाईच्या भाकरी करपायच्या.

दिवाळीच्या सुमारास निंबा गाडीवान खंडव्याहून आला. तो टपरीवर उखर्डूजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "मोतीलालनं विचारलं हाय. म्हने मामला थंडा झाला असन तर येऊ का? हात आता उचलत नाही त्याचा. पन खोपट तर हाय ना, म्हने."

उखर्डूला वाटलं, थंडा झालाच आहे. कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. पूल झाला, राज्य झालं, पोरं शाळेत गेली. या म्हणावं, असं त्याच्या ओठावर आलं. तेवढ्यात टपरीसमोर, गिरधरच्या ओट्यावर, कोकी आपल्यापेक्षा लहान पोरींना काही सांगत होती ते त्याच्या कानावर पडलं. कान त्याचा तिखटच होता.

"मला मोतीलालनं नेलं होतं ना," कोकी सांगत होती. "पोत्यात घातलं. आत काळोख होता, सुतळीचा वास येत होता. मी ओरडलेच नाही."

"मंग?" पोरींचे डोळे मोठे झाले.

"मग तो आईच्या आवाजात बोलला. हुबेहूब आईच्या! कोकेऽ, चल बाळा, वरण निवतंय. त्याला सगळ्यांच्या आया येतात."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारं पोर इकडंतिकडं बघतं, आणि ती कुठंही बघत नव्हती. ती तो काळोख पुन्हा बघत होती. तिच्या अंगावर काटा आलेला उखर्डूला टपरीवरून दिसत होता.

दारात शारदा उभी होती. उखर्डूकडे बघून ती ओळखीचं हसली. "बघा ना उखर्डूदादा. तेव्हापासून मी हाक मारली तरी येत नाही ही. आधी डोकावून बघते, मीच आहे का."

"वैनी," उखर्डू म्हणाला, "वखारीत ती मले सापडली व्हती. तो आवाज मी काढला व्हता."

शारदानं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं, प्रेमळपणे, चुडामणनं पाहिलं होतं तसं. "तुमी सोडवून आणली हो तिला. ते काय आमी विसरलो का? तुमीच तर आधी डफड्यावर सांगितलं होतं, मोतीलालपासून पोरं सांभाळा म्हणून. मी सोता ऐकलं."

"मी?"

"हो, तुमीच. अजून कानात आहे." आणि शारदानं, हसत हसत, डावा पाय थोडा ओढला आणि उखर्डूच्या आवाजात म्हटलं, "ऐका हो ऐका!" ओट्यावरच्या पोरी खिदळल्या. नक्कल अगदी हुबेहूब होती.

निंबानं चहाचा शेवटचा घोट घेतला, बैलांकडे पाहिलं. "मंग काय सांगू त्याले? ये म्हनू?"

उखर्डूनं ओट्याकडे पाहिलं. तिथं कोकी आता पोतेवाला झाली होती आणि बाकीच्या पोरी लपायला पळत होत्या.

"त्याले सांग," तो म्हणाला, "पोरगी अजून सापडली नाही."